घाणेरीमागचे मानकरी

मुलांनो, नीट बसा. एका जंगलात, म्हणजे आमच्याच, फार जुनी संस्कृती होती. कुठेही पहिलं पोहोचायचं नाही.

जो पहिला पोहोचतो, तो रिकामटेकडा. त्याला घरी कुणी विचारत नाही. असं आमचे पूर्वज सांगून गेले. गेलेही उशिराच.

ओढ्यापलीकडे दुसरं जंगल होतं. तिथे रताळी भरपूर, पण संस्कृती अजिबात नाही. बोलावलं की लगेच यायचे.

एकदा आमच्या ओढ्याच्या बांधाला भेग पडली. बांधाखालीच साळूबाई साळिंदरीचं बीळ. आत तीन पिल्लं. ती दारोदार फिरली.

"उद्या सूर्य उगवताना बांधावर या हो. सगळ्यांनी माती टाकली तर तासाभराचं काम."

"येतो की!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो. मी गाढव.

आणि खोटं कशाला बोलू, आम्ही वेळेवर आलो. फक्त घाणेरीच्या झुडपामागे बसलो. तिथे डुक्करराव आणि ससेभाऊ आधीच बसले होते.

"व्हा की पुढे," मी डुक्कररावांना म्हणालो.

"छे, छे! आधी तुम्ही."

"अहो, तुम्ही वडीलधारे."

"म्हणूनच तर! या वयात वेळेवर गेलो तर लोक काय म्हणतील?"

ससेभाऊ कुजबुजला, "कोल्हा निघाला की आपण निघू."

कोल्हा समोरच्या झुडपात होता. तो आमची वाट बघत होता.

साळूबाई एकटीच माती टाकत होती. मधेच ओरडली, "अहो, आहे का कुणी?"

आम्ही श्वास रोखला.

दुपारी बांध फुटला. त्याआधी साळूबाईने एकेक पिल्लू पलीकडे नेलं, म्हणून वाचली. बीळ गेलं. पलीकडच्यांनी संध्याकाळच्या आत तिला नवं बीळ खणून दिलं. संस्कृतीच नाही, करणार काय!

पुढे आम्ही एक परिसंवाद ठेवला. विषय : 'ते श्रीमंत का?' प्रमुख पाहुण्या साळूबाई. त्या पिल्लांना घेऊन ठरल्या वेळी आल्या. मैदान मोकळं.

"आई, इथे कोण राहतं गं?" धाकट्याने विचारलं.

साळूबाईंनी झुडपांकडे पाहिलं. ससेभाऊचे कान वर आले होते.

"कुणी नाही रे बाळा. नुसती झुडपं आहेत."

आणि त्या निघून गेल्या.

फार लागलं ते आम्हाला. डुक्करराव तर रडले. बाहेर येऊन चांगलं सुनावायचं होतं. पण पहिलं कुणी निघायचं?

तात्पर्य : समृद्धी काय, येते आणि जाते. झुडूप मात्र दाट हवं.

(हे तात्पर्य माझ्याकडे आठवडाभर तयार होतं. दुसरं कुणी आधी सांगतंय का, वाट बघत होतो.)