यादी म्हणजे यादी

बत्तीस वर्षं मी विमानतळाच्या गेटवर उभं राहून लोकांना जागा दिल्या, आणि त्याहून जास्त लोकांना नाकारल्या. तेव्हा आपलं तिघांचं बिऱ्हाड एका शहरातून दुसऱ्या शहरात हलवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी बायकोला छाती फुगवून सांगितलं.

"तिकिटं काढा," बायको म्हणाली. "चारचौघांसारखी. दोन दिवस आधी निघू."

"तिकिटं? मी? जागा रिकामी असली की फुकट नेणारा स्टाफ पास असताना? म्हणजे सुताराने खुर्ची विकत आणायची!"

"सुतारांच्या घरातल्या खुर्च्या पाहिल्यात मी," ती म्हणाली.

त्याचं असं झालं होतं, की आमची विमान कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाली. 'हे बरोबरीचं लग्न आहे,' असं साहेबांनी आम्हाला हॉलमध्ये जमवून सांगितलं. पण नाव त्यांचं लागलं, घर आमचं मोडलं आणि नांदायला जायचं तेही आम्हीच! आमचं शहर कंपनीचं हब होतं, म्हणजे विमानांचं जंक्शन. ते बंद झालं. मला पत्र आलं: सोमवारी दुपारी बाराच्या आत नव्या हबवर हजर व्हा, न झाल्यास आपण राजीखुशीने निवृत्त झालात असं समजण्यात येईल. माझी चार वर्षं उरली होती, आणि गेटवर उभं राहण्यापलीकडे मला काही येत नाही. घरी विचारा, लगेच सांगतील.

पत्रावर नाव नव्हतं, फक्त कर्मचारी क्रमांक. दोन कंपन्यांच्या याद्या एकत्र करताना नावांचा आणि जन्मतारखांचा असा काला झाला होता, की मी स्वतः कागदोपत्री अकरा वर्षांचा होतो.

बिऱ्हाडातले तिसरे म्हणजे माझे सासरे. वय ब्याऐंशी, कानात यंत्र. आमच्याच कंपनीत सामान चढवणाऱ्या टोळीचे मुकादम म्हणून निवृत्त झालेले. गेली वीस वर्षं बाल्कनीत बसून विमानं मोजायचे. "सहा-चाळीसचं आलं गं. आज वेळेवर!" हे आमच्या घरातलं घड्याळ. हब बंद व्हायला लागलं तशी दिवसाला चाळीस येणारी विमानं सहावर आली. सासऱ्यांचं मोजणं थांबलं. जेवण निम्म्यावर आलं. एकदा फक्त विचारलं, "आज सुट्टी आहे का रे?" मी 'हो' म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सोमवारी सकाळी सातचं विमान. आमच्या शहरातून तिकडे थेट जाणारं शेवटचं. निम्मे प्रवासी माझ्यासारखेच बदलीवाले. बाबांना जरा मान वाटावा म्हणून बायकोने माझ्या हजर होण्याच्या पत्रासकट सगळ्या कागदांची फाइल त्यांच्या हातात दिली. "बाबा, ही तुमच्याकडे. हरवायची नाही." त्यांनी ती अशी छातीशी धरली, जणू काही विमानच त्या फाइलीतून उडणार होतं.

गेटवर माझ्याच हाताखाली तयार झालेली मुलगी होती. मी लांबूनच तिला तीन बोटं दाखवली. तिने एक दाखवलं.

"सर, एकच जागा आहे."

"मग मी जातो! बाराला हजर व्हायचंय. ही दोघं मागून येतील."

तिने पासवाल्यांची यादी पाहिली. मग माझ्याकडे. मग पुन्हा यादी. डॉक्टर रिपोर्ट बघतात तशी.

"सर, पहिलं नाव तुमच्या सासऱ्यांचं आहे."

"काहीतरीच! निवृत्त माणूस यादीत शेवटी असतो!"

"आपल्या जुन्या कंपनीत, सर. नव्या कंपनीत नोकरीला लागल्याच्या तारखेवर क्रम असतो. निवृत्त असो नसो. आजोबा लागले तेव्हा तुम्ही चड्डीत होतात."

"अगं, नोकरीचा प्रश्न आहे! जरा वर-खाली कर ना नावं!"

तिचा चेहरा अगदी पडला. "सर, तुम्हीच शिकवलंत ना? यादी म्हणजे यादी. आठवतंय? तुम्ही त्या नवऱ्या मुलाला वऱ्हाडापासून तोडलं होतंत."

आठवत होतं. वऱ्हाड वेळेवर पोचलं आणि नवरा मुलगा संध्याकाळी!

एवढ्यात घोषणेत सासऱ्यांना आपलं नाव ऐकू आलं. बायकोने हाक मारली तर त्यांना ऐकू येत नाही. विमानतळावरची घोषणा मात्र यंत्राशिवाय ऐकू येते. ते ताठ उठले, फाइल काखेत मारली आणि दारातून असे निघाले, जणू तिकडे विमान त्यांच्यावाचून खोळंबलंय!

"अहो बाबा! फाइल!" मी ओरडलो.

"हरवत नाही!" ते मागे न बघता म्हणाले.

दार बंद झालं. त्यांचा मोबाइल बायकोच्या पर्समध्ये वाजला. मीच लावला होता.

आम्ही तिसऱ्याच गावाहून फिरून संध्याकाळी पाचला पोचलो. वाटेत बायको एकच वाक्य बोलली, "बाबा एकटे आहेत." तिकिटांचा विषय तिने काढला नाही, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं. बारा वाजून गेले तेव्हा मी ढगांत होतो, आणि राजीखुशीने निवृत्त झालो होतो. पण खरं सांगतो, तेव्हा डोळ्यांपुढे नोकरी नव्हती. निळा स्वेटर घातलेला, कुठल्या तरी परक्या खांबाशी बावरून उभा असलेला म्हातारा होता.

चौकशीच्या खिडकीवर बायको रडवेल्या आवाजात म्हणाली, "वय ब्याऐंशी, निळा स्वेटर, हातात फाइल..."

"ते नवे सर?" खिडकीतली बाई म्हणाली. "गेट आठवर आहेत ना! आताच चहा पाठवला."

आम्ही धावलो. गेट आठवर, माझ्या होणाऱ्या जागेवर, माझ्या होणाऱ्या खुर्चीत सासरे! समोर वेटिंगवाल्यांची रांग, आणि रांगेत कोणी भांडत नव्हतं! बत्तीस वर्षांत हे दृश्य मी पाहिलं नव्हतं.

"तुला कुठं जायचंय, बाळा?" ते एका बाईला विचारत होते.

"मुलीकडे. तिला काल मुलगा झाला."

"मग तू जा. आणि हे काका उद्या जातील. काय हो? तुमची मीटिंगच आहे ना? बाळ काय रोज जन्मतं?"

काका चक्क हसून बाजूला झाले! यादी टेबलाच्या पायाखाली होती. पाय डुगडुगत होता म्हणून सासऱ्यांनी ती घडी करून लावली होती.

मॅनेजर माझ्याजवळ येऊन कौतुकाने म्हणाला, "अकरा-चाळीसला आले, पत्र दिलं, क्रमांक जुळवला, हजेरी लावली. वय जरा जास्त वाटलं, पण यादीत तर त्यांचं वय अकरा लिहिलंय, तिचं काय खरं मानायचं! आपण कोण?"

म्हणजे माझा क्रमांक बाराच्या आत हजर होता! नोकरी शाबूत होती. फक्त ती मी करत नव्हतो.

"मी... यांचा जावई. उद्यापासून मीच येईन म्हणतो."

त्याने सासऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ विचार केला. मला तो विचार लागला. "बरं," तो शेवटी म्हणाला. "पण अधूनमधून त्यांना आणत चला."

तेवढ्यात काचेपलीकडे एक विमान उतरलं. सासऱ्यांनी मनगटाकडे पाहिलं आणि लेकीला म्हणाले, "पाच-वीसचं आलं गं. वेळेवर! इथं सुट्टी नसते वाटतं." त्या रात्री ते पोटभर जेवले. बायको पदराने डोळे पुसत वाढत होती, आणि मलाही चक्क दुसऱ्यांदा वाढलं.

वर्षअखेरीला कंपनीने माझ्या क्रमांकाच्या कामाचा अहवाल पाठवला. सासऱ्यांनी तो त्याच फाइलीत जपून ठेवलाय आणि पाहुणे आले की मोठ्याने वाचून दाखवतात. त्यात एकच ओळ आहे:

'काम ठीक. परंतु पहिल्या दिवसाची सर पुन्हा आली नाही.'