पूर्वपरवानगीशिवाय काम पूर्ण केल्याबाबत

जगात घाणीइतका भरवशाचा मालक दुसरा नाही. माझा थोरला तेलाच्या कारखान्यात गाळ विभागाचा साहेब आहे. टाक्यांच्या तळाशी साचणाऱ्या काळ्या, तेलकट चिखलावर तिथं बावीस घरांची पोटं भरतात. (मी चौथीत शाळा सोडली, पण एवढं मला कळतं.)

या गाळातलं तेल परत मिळवायला विभागाने जंतू नेमले. ते अंगातून साबणासारखं पाणी सोडतात; त्याने तेल चिखलाला सोडून वर तरंगतं. वेळेवर साखरेचं पाणी आणि सोसेल इतकी ऊब, एवढ्यावर राबतात. रजा नाही, चहा नाही, बढतीसाठी साहेबाच्या पोराचं कौतुक नाही. टाकी बघून मी म्हटलं, "अशी एक सून तरी मिळायला हवी होती!" (सून मागेच उभी होती. असू दे.)

इथवर सगळं नियमानुसार होतं. पण सात वर्षांसाठी मंजूर झालेलं काम जंतूंनी पाच महिन्यांत उरकलं. टाक्या लख्ख! लगेच वरून पत्र आलं: गाळ नसल्यास गाळ विभागाचे प्रयोजन कळवावे.

चौकशी समिती बसली. जंतूंच्या नावे कारणे दाखवा नोटीस टाकीवर चिकटवली: 'पूर्वपरवानगीशिवाय काम पूर्ण का केले?' मुदतीत खुलासा आला नाही, तेव्हा त्यांचं साखरपाणी अर्ध्यावर आणलं. तरी मेले राबतच राहिले. अडाणी ते अडाणीच.

थोरला जेवेना. "आई, महिनाअखेर विभाग बंद. बावीस जणं घरी बसणार, मी धरून."

"काढलेलं तेल कुठाय?"

"पिंपांत."

"आणि चिखल?"

"मागे, ढीग घातलाय."

"मग कालव की परत! जन्मभर मला पीठ मळताना बघितलंस, एवढंही येईना?"

"अगं, हे कुठल्या नियमात बसतं?"

"समिती रिकामीच बसलीय ना? तिला बसवायला सांग."

तिने बसवलं. नाव 'गाळ पुनर्भरण योजना'. आता सोमवार ते बुधवार माणसं तेल चिखलात कालवतात आणि गुरुवार ते शनिवार जंतू ते वेगळं काढतात. दर आठवड्याला प्रगती शंभर टक्के. कालवायला अकरा माणसं नवी घेतली, त्यांचा मुकादम माझा धाकटा.

हसा, खुशाल हसा. फक्त आज आपल्या टेबलावरचं काम खरोखर संपवा आणि तसं साहेबाला लेखी कळवा. मग उद्या या माझ्याकडे. धाकट्याच्या हाताखाली एक जागा निघेल.