आबांची नजर

सुकलाल आबा कुणाच्याही तोंडाकडे बघत नाहीत. गिरणाकाठच्या आमच्या गावात ते शाळेचे मुख्याध्यापक आहेत. तुम्ही पुढ्यात उभे राहिलात की ते शांतपणे वळतात आणि भिंतीला म्हणतात, "बोल भाऊ, मी शे इथंच."

बऱ्याच वर्षांनी त्यांच्या शाळेत गेलो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. फाटक करकरलं, पण अंगणातल्या एकाही पोराने मान वळवली नाही. प्रार्थना चालू होती. कुणाचं तोंड लिंबाकडे, कुणाचं हौदाकडे, कुणाचं नुसत्याच मोकळ्या रानाकडे. आवाज मात्र एकच. मी काही विचारायच्या आत शिपाईकाकांनी पाठमोऱ्यानेच आबांच्या खोलीकडे बोट केलं.

मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढणारा माणूस. भूत, भगत, करणी, सगळ्यांवर काढून झालेली. आणि माझ्याच गावात म्हणे आबांची दृष्ट लागते. आबा गल्लीत शिरले की पुढची दारं एकेक करून लागत जातात. बायका लेकरांवर पदर ओढतात. दूध काढणारा बादलीवर फडकं टाकतो. भर दुपारी गल्ली मेल्यासारखी होते. मग त्या शांततेतून एक म्हातारा खाली बघत, छत्री टेकत जातो आणि दारोदारच्या लिंबू-मिरच्या वारा नसताना हलल्यासारख्या वाटतात. यातल्या निम्म्या घरांना बाराखडी याच माणसाने शिकवली. मी चिडून पत्रक लिहिलं, 'गुरुजींना वाळीत टाकणाऱ्यांनो, लाज बाळगा.' छापण्याआधी त्यांना दाखवायला गेलो.

आबांनी कागद भिंतीवर धरून वाचला. "झकास लिहिलंय. फाडून टाक."

"का?"

"ही वावडी मीच उठवली."

दुसरीत जागृती नावाची मुलगी आली होती. कुणी डोळ्यांत बघितलं की ती कान दाबून बाकाखाली शिरायची. याला स्वमग्नता म्हणतात, हे आबांना प्रशिक्षणात कळलेलं. गावाला त्याआधीच वेगळं कळलेलं होतं, की पोरीला बाहेरचं लागलंय. आयांनी आपापली पोरं तिच्याजवळून उठवली. बापाने तिला शाळेतून काढून भगताकडे मिरच्यांच्या धुरीला न्यायचं ठरवलं.

"सभा घेतली, चित्रं दाखवली," आबा भिंतीला सांगत होते. "सगळे चहा पिऊन गेले. मग मी तिच्या बापाला बाजूला घेतलं. म्हटलं, तुझी पोर शहाणी शे रे. माझी नजर वाईट शे, हे बठ्ठ्या गावात तिला एकटीला कळलं. दुसऱ्या दिवशी गाव तेच बोलत होतं."

आणि शाळेत नियम झाला. कुणी कुणाकडे रोखून बघायचं नाही. 'समोरून नको, बाजूने बोल,' हे आबांचं पालुपद. मास्तर पोरांच्या शेजारी बसून शिकवू लागले. आजवर ढ म्हणून मागे बसवलेली दोन पोरं, बाजूने विचारल्यावर, उत्तरं देऊ लागली. जागृती आता लिंबाकडे तोंड करून धडा वाचते. त्या शाळेत त्याचं कुणाला काही वाटत नाही.

"पण आबा, दृष्ट वगैरे काही नसतं."

"नसतं ना? मग माझ्यावर राहिली तर तुझं काय जातंय? आणि माझ्यावरून काढलीस तर ती कुठं जाऊन बसंल?"

मी पत्रकाची घडी घातली.

"पोर दहावी होऊ दे. मग छाप," ते म्हणाले.

मी शब्द दिला. तरी आजही म्हणतो, बदलायचं होतं ते गावाने, आबांनी नव्हे. पण हे म्हणणारा मी घरी परत जातो तेव्हा माझ्यासमोर दारं लागत नाहीत.

गेल्या महिन्यात माझी ताई बाळंतपणाला माहेरी आली. आबा कसलंसं निमित्त काढून आमच्या ओट्यावर आले आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले. आत ताईने घाईघाईने बाळावर पदर ओढला. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"मुलगी झाली ना रे?" रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं.

"हो."

"पाय केवढे शेतस?"

"तुमच्या अंगठ्याएवढे."

आबांनी आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.