आईची पिवळी बाटली

"प्रतिकारशक्ती दाबणारं औषध?" सोकग्यूच्या आईने गोळ्यांबरोबरचा कागद चष्मा लावून वाचला आणि पाकीट थेट कचऱ्यात टाकलं. "मी इथे तुझी शक्ती वाढवायला जिवाचं रान करते, आणि तो मेला डॉक्टर ती दाबतोय?"

"अगं आई, माझीच शक्ती माझ्या आतड्याला चावतेय, म्हणून दाबायची!"

"म्हणे चावतेय! डॉक्टरचं ऐक, जन्म दिला तिचं नको ऐकूस."

सोकग्यू एकोणचाळीस वर्षांचा, बिनलग्नाचा, कोरियातल्या तेजॉन शहरात आईजवळ राहणारा. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता एकदा आतडं पेटलं की काढूनच टाकावं लागेल आणि जन्मभर पोटाला शौचाची पिशवी. पण आईशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. त्याने युक्ती काढली. आईने टीव्हीवरून मागवलेल्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या बेसिनमध्ये ओतल्या आणि त्याच बाटलीत इस्पितळातून पुन्हा आणलेल्या आपल्या गोळ्या भरल्या. दोन्ही फिक्या पिवळ्या, दोन्ही चिमुकल्या. रोज सकाळी तो आईसमोर सूपच्या घोटाबरोबर दोन गिळायचा. आई धन्य व्हायची.

दुर्दैव असं, की त्याला गुण आला. वजन वाढलं, संडासाच्या फेऱ्या थांबल्या. मग काय विचारता! सार्वजनिक स्नानगृहात पाठ घासून घेता घेता आई सगळ्या बायकांना सांगू लागली, "डॉक्टरांनी हात टेकले होते, माझ्या बाटलीने पोरगा उभा केला!" अंग पुसायच्या आत बायकांनी फोनवर बाटल्या मागवल्या.

छुसॉक, म्हणजे सुगीचा, एकमेकांना भेटी द्यायचा सण आला. आईच्या सल्ल्याचं ऋण ठेवायचं नाही म्हणून प्रत्येकीने भेटीचा डबा पाठवला. अकरा डबे, सगळ्यांत तीच बाटली. सोकग्यू हसला. त्याने तेव्हा हसायला नको होतं.

दोन महिन्यांत रक्त पडू लागलं. इस्पितळात डॉक्टरांनी तपासणीचा कागद पाहिला. "रक्तात औषध जवळजवळ नाहीच. गोळ्या घेता ना?"

"एक दिवस चुकलो नाही हो!"

त्याने बाटली तळहातावर उपडी केली. मधोमध रेघ असलेल्या त्याच्या गोळ्या तीन. बाकी सगळ्या बिनरेघेच्या.

"आई, या बाटलीत काही घातलंस?"

"मग! तळ दिसायला लागला की भेटीतल्या बाटल्यांतून भरत होते. तुला खंड पडायला नको, एवढं एक डोक्यात."

सलाईनमधल्या औषधांनाही आतडं बधलं नाही. शस्त्रक्रियेच्या कागदावर घरच्या माणसाची सही लागते, म्हणून आईला बोलावलं. सोकग्यूला राहवेना. त्याने सगळं कबूल केलं, अगदी बेसिनसकट.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे वर्षभर तू माझ्या बाटलीतून ते विष खात होतास? तरीच म्हटलं, माझ्या गोळ्यांनी गुण आलेला टिकला कसा नाही!"

शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या म्हातारीने मान डोलावली. "पोरं अशीच असतात हो."

डॉक्टर कागद घेऊन ताटकळत उभे होते. सोकग्यूने पोटावर हात ठेवला, जिथे उद्या पिशवी लागणार होती तिथे.

"चुकलं माझं, आई," तो म्हणाला.

"असू दे," म्हणत आईने सही केली आणि पिशवीतून नवी बाटली काढून त्याच्या उशाशी ठेवली.