वरच्या ओळीतला तारा

सोमवारपासून निंबखेडमध्ये कुठेही जायला निघालेला माणूस वृंदा कार्लेकरच्या घरी पोचू लागला.

चूक तिचीच होती. पालिकेने गावचे रस्ते वेबसाइटवर चढवले, तेव्हा कोणत्या पत्त्याला निघालेला माणूस कुठे न्यायचा, त्याच्या ओळी वृंदाने लिहिल्या. अगदी खाली एक तारा, म्हणजे * ही खूण, टाकला. तारा म्हणजे कुठलाही पत्ता. चाचणीपुरतं त्याच्यापुढे स्वतःचं घर लिहिलं. मुख्याधिकारी हिरेमठ म्हणाले, "मॅडम, आरंभाला शुभचिन्ह नाही? तो तारा घ्या की वर." तिने घेतला. गाव वरून खाली वाचतं आणि पहिली जुळणारी ओळ सापडली की पुढे बघत नाही.

दवाखान्याला निघालेले, तेराव्याला निघालेले, सगळे तिच्या हॉलमध्ये. घरी परत निघाले तरी पुन्हा तिथेच. आल्या माणसाला चहा तर द्यायलाच हवा. वृंदाच्या डोक्याची पार मंडई झाली. तिला फक्त आपलं घर परत हवं होतं.

दुरुस्तीला मंजुरी हवी होती. हिरेमठ रोज कचेरीला निघून तिच्याकडे येत, पण कचेरीबाहेर सही करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शेवटी तिने बेडरूमच्या दारावर 'नगरपालिका' अशी पाटी लावली.

"आता हरकत नाही," म्हणत त्यांनी आत जाऊन सही केली.

तारा खाली गेला. माणसं आपापल्या ठिकाणी पोचली. फक्त फुलारी आजोबा जिना उतरून गेले आणि पुन्हा दारात आले.

"आता कुठे निघाला होतात?"

"घरी. भोई गल्लीत."

भोई गल्ली रस्तारुंदीत कधीच गेली होती. तिची ओळच नव्हती, म्हणून आजोबा थेट तळच्या ताऱ्याला लागत.

"ताराच काढून टाका," अजून 'नगरपालिके'तच बसलेले हिरेमठ म्हणाले. "कटकट संपेल."

"मग हे कुठे पोचतील?"

"कुठेच नाही. ओळ नसली की माणूस नुसता निघतो."

वृंदाने हॉलकडे पाहिलं. किती दिवसांनी फरशी दिसत होती! आजोबा चपला काढून भिंतीशी जोडून ठेवत होते. तिला भयंकर राग आला. नेमका कोणाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"राहू दे तो तारा," ती खेकसली. "आजोबा, भाकरी चालेल ना?"

"चालेल की. पण पातळ थाप. आमच्या गल्लीत पातळच करतात."