बाबांच्या व्हायोलिनच्या चिरा

"चिरा कुठे होत्या ते शोधून दाखवलंस, तर उद्यापासून माझ्या दुकानाला कुलूप!" ताईने भावाला ठणकावलं होतं.

वाद्यं दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. व्हायोलिन बाबांचं. बाबा गेल्यावर ते भावाकडे आलं, कारण तो वाजवायचा. ताईला ते लागलं होतंच. त्यात या शहाण्याने ते सोफ्यावर ठेवलं आणि फोनवर बोलता बोलता स्वतःच त्यावर बसला! वरच्या फळीला उभ्या चिरा गेल्या.

ताई धुमसतच कामाला बसली. पातळ सुरीने फळी अलगद उचकटली, चिरांत गरम सरस भरला, शिकंजे आवळले, आतून लाकडाची बारीक ठिगळं लावली, वरून रंग जुळवला. एवढ्यावर थांबली असती तर बरं! पण तिने बाबांच्या काळापासूनचा मळही पुसून काढला.

भाऊ आला. व्हायोलिन उजेडात धरलं, उलटंपालटं केलं, चष्मा घालून पाहिलं, काढून पाहिलं.

"चिरा कुठायत?"

"तेच तर!" ताई फुलून आली.

"ताई, हे बाबांचं नाहीच. तू बदललंस!"

ताईच्या मस्तकात तिडीक गेली. "मी? मी चोर? अरे, पाठीचा काटा ढिला झाला माझ्या!"

"बाबांचं काळपट होतं. हे तर नुकतंच सलूनमधून आल्यासारखं दिसतंय!"

"तो मळ होता, मळ!"

"मग एक तरी चीर दाखव."

ताईने भिंग घेतलं. शोधलं. पुन्हा शोधलं. सापडेना! रडू यायला लागलं, ते तिने रागाबरोबर गिळलं. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा फळीच्या भोकातून आत सारून, टॉर्च मारून तिने ठिगळं दाखवली.

"ठिगळं काय, कुणाच्याही व्हायोलिनला असतील!"

"तुझ्या डोक्याला लावायला हवी होती!"

भावाने व्हायोलिनची मान धरली, ताईने बूड. "सोड!" "तू सोड!" दुकानाच्या वरच्या मजल्यावरून आई तणतणत खाली आली.

"केस पिकले दोघांचे, आणि भांडताय काय!"

"आई, हिने बाबांचं व्हायोलिन लंपास केलं!"

"आई, हा मला चोर म्हणतोय!"

आई खुर्चीत बसली. "वाजव."

भावाने रागारागाने गज ओढला. दोन सूर निघाले असतील नसतील, आईने कपाळ गच्च दाबलं.

"हेच ते! तुमच्या बाबांनी हे हातात घेतलं की माझं बरोबर इथेच ठणकायचं. जन्मभर ठणकलं!"

भावाचा गज हवेतच राहिला.

"ऐकलंस?" ताई कडाडली. "माग माफी!"

"तो कशाला? तू माग माझी!" आई तिच्यावरच उखडली. "चांगलं फुटलं होतं ना? मग तुला कुणी सांगितलं होतं जोडायला?"