शिकायला गेलेली गाठ

"आमची गाठ शिकायला गेलीय," असं शेवंताकाकूंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, तेव्हा माझा अर्धा चहा बशीत सांडला.

बदली होऊन मी बीडहून अंबाजोगाईला आले होते. शाळा जवळ, घर बरं, नवरा शनिवार-रविवारी येऊन जाणार. सामान अजून खोक्यांतच होतं, तेवढ्यात शेजारच्या काकू चहाची किटली घेऊन आल्या. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, "मुलंबाळं काय करतात?" त्यावर हे उत्तर. मला आधी वाटलं, गाठ हे मुलीचं लाडाचं नाव असेल. लोक पोरींची नावं काहीही ठेवतात. म्हणून मी पुढे विचारलं, "कुठे असते?"

"कंपूटरमधी," काकू म्हणाल्या. मग त्यांनी पदर नीट केला, छातीवर डाव्या बाजूला, जिथं काहीच उरलं नव्हतं तिथं, हात ठेवला. "हितं होती. क्यान्सरची. काढली. आता शिकतीय."

त्यांनी शांतपणे माझ्या बशीतला चहा परत कपात ओतला.

शेवंताकाकू म्हणजे आमच्या गल्लीतल्या लेडीज टेलर. साठी ओलांडलेली, उंच, हडकुळी बाई, गळ्यात कायम मापाची टेप. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. मूल नाही. आवडता शब्द 'रीतसर'. ब्लाऊजला हुक रीतसर लावायचे, आमटीला फोडणी रीतसर द्यायची, आणि आपली गाठही आपण रीतसर सही करून शिकायला पाठवली, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

खरा प्रकार मला पुढे मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टर मॅडमकडून कळला. ऑपरेशनच्या आधी काकूंच्या छातीचे यंत्रावर फोटो काढले होते. ते फोटो, नावगाव काढून, संशोधनासाठी देता का, असं मॅडमनी विचारलं. ठिकठिकाणच्या बायकांचे असे हजारो फोटो गोळा करायचे. कुणाला गाठ निघाली, कुणाला नाही, हे त्यांच्यासोबत नोंदवायचं. आणि ते सगळं कॉम्प्युटरला दाखवत राहायचं, म्हणजे नव्या बाईच्या फोटोतली बारीकशी गाठसुद्धा तो ओळखायला शिकतो. एवढ्या सगळ्यातून काकूंनी एकच शब्द उचलला, 'शिकतो'. बाकी त्यांना एवढीच हरकत होती, की नाव काढून टाकल्यावर हजेरी कशी घेणार.

"काकू," मी एकदा समजावून बघितलं, "शिकतो तो कॉम्प्युटर. तुमची गाठ म्हणजे त्याचं पुस्तक."

"मंग तुमी शाळेत पोरास्नी शिकिवता, तवा तुमी काईच शिकत न्हाई का?"

मी विषय सोडला.

दर तपासणीला जाताना काकू इस्त्रीची साडी नेसत. आत गेल्या की स्वतःच्या तब्येतीचं नंतर, आधी चौकशी, "कितवीत गेली ओ ती?" मॅडमनी एकदा कौतुकानं सांगितलं, की काही फोटो शिकवायला वापरतात आणि काही बाजूला राखून ठेवतात, कॉम्प्युटरची परीक्षा घ्यायला. त्या दिवसापासून काकूंनी ठरवून टाकलं, की आपली गाठ परीक्षा घेणाऱ्यांतली. "लई कडक असंल," त्या म्हणाल्या. "आईवर गेली तर कुनाला सोडायची न्हाई."

हे घरात चाललं असतं तर ठीक होतं. पण एकदा परळीला जाताना मी त्यांच्यासोबत एसटीत होते. शेजारच्या सीटवर एक अनोळखी बाई. काकूंनी तिला गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, स्वयंपाकाचं विचारलं नाही, थेट विचारलं, "छाती कधी तपासली का तुमी?" भरलेल्या बसमध्ये, मोठ्या आवाजात. पुढचे दोन धोतरवाले म्हातारे एकदम खिडकीबाहेर कपाशी बघायला लागले. कंडक्टर तिकीट फाडायचं विसरून तसाच उभा राहिला. ती बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं माय." काकू शांत. "कावून लाजायचं? मान दुखली तर सांगताव, गुडघा दुखला तर सांगताव. त्यो काय शेजारच्याचा अवयव हाय का?"

मला त्या क्षणी बसमधून उतरून चालत परळी गाठावीशी वाटली.

गल्लीतल्या बायकांची तर वेगळीच तक्रार. काकू ब्लाऊजचं माप घेता घेता बोटांनी चाचपून बघत. बायका दचकून मागे सरत, तर त्या म्हणत, "हलू नगं, माप चुकंल." आणि मग निकाल सांगत, "जाऊन दाखव." असं त्यांनी निम्म्या गल्लीला पाठवलं. कुणालाच काही निघालं नाही. डॉक्टर मॅडम शेवटी हात जोडून म्हणाल्या, "काकू, तुम्ही शिवणच करा. बोटांनी असं ओळखता येत नाही." काकूंना राग आला नाही. "बरं झालं न्हाई निघालं ते," एवढंच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी किराणावाल्या सलीमभाईंच्या बायकोला पाठवलं.

मग दोन-तीन वर्षांनी एके दिवशी एक गाडी आली. तपासणीचं यंत्र असलेली मोठी पांढरी गाडी, आणि त्यात काकूंनी ज्याची वाट पाहिली तो कॉम्प्युटर. गावोगाव फिरून ती धर्मापुरीहून आमच्याकडे आली आणि आमच्याच शाळेच्या मैदानात उभी राहिली. काकू सकाळपासून तिच्याभोवती अशा फिरत होत्या, जशी काही सासरहून लेक आलीय. टायरजवळ उभं राहून त्यांनी गाडीच्या पत्र्यावर हलकेच हात फिरवला. मग गल्लीत शिरल्या आणि एकेका बाईला हाताला धरून आणायला लागल्या.

मला त्यांनी वर्गाच्या दारातूनच उचललं. "मला काही होत नाहीये," मी म्हटलं. "पोरं बसलीत, काकू."

"पोरास्नी पाढे लिवायला लावा. चला."

चाळिशी उलटून गेली होती, पण तोवर मी कधी तपासणी केली नव्हती. शिकलेली बाई असून केली नव्हती, कारण वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती. आत गेले. फोटो काढले. डॉक्टर मॅडम पडद्यासमोर बसल्या होत्या. माझा फोटो समोर आला आणि काही क्षणांत त्याच्यावर आपोआप एक लाल गोल उमटला.

मला वाटलं, सगळ्यांच्याच फोटोवर तो उमटत असेल.

"कॉम्प्युटरनं इथं खूण केलीय," मॅडम म्हणाल्या. "मलाही ही जागा नीट बघायचीय. घाबरू नका. सुईनं बारीक तुकडा काढून तपासू."

घाबरू नका म्हटल्यावर माणूस काय करतो ते मला तेव्हा समजलं. मी खाली उतरले. काकू रांगेतल्या बायकांना सांगत होत्या, "भ्यायचं न्हाई, आत आपलीच हाय." मला बघून हसत पुढे आल्या. मी सांगितलं, की खूण केलीय.

काकूंचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि त्या मैदानातच खाली बसल्या. बायका धावल्या. काही झालं होतं ते मला, आणि खाली बसल्या होत्या त्या काकू.

त्यानंतरचे दिवस फार विचित्र गेले. नवरा रजा टाकून आला. सुईची तपासणी झाली. रिपोर्टला वेळ लागणार होता. आणि इतके दिवस जिची बडबड मला नको व्हायची, ती बाई एकदम मुकी झाली. रोज संध्याकाळी येऊन माझ्या उंबऱ्यावर बसायची. भाजी निवडून द्यायची, जायची. भिंतीपलीकडचं शिवणयंत्र बंद होतं. मला आजारापेक्षा त्या शांततेची भीती वाटायला लागली.

रिपोर्टच्या दिवशी नवऱ्याला कामावर हजर व्हावं लागलं, म्हणून सोबत काकू आल्या. मेडिकल कॉलेजच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो. समोर पेशंटांची वर्दळ. काकू गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत आणि सोडत होत्या. मग समोर बघतच बोलायला लागल्या.

"मला एक धाकटी बहीन होती. विमल."

मी इतकी वर्षं शेजारी राहून हे नाव ऐकलं नव्हतं.

"नवऱ्यानं टाकून दिली, तवापासून माझ्याकडंच होती. एका वाकळंत झोपायचो आमी. लई भित्री. अंधाराला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची." काकूंनी टेप पुन्हा बोटाला गुंडाळली. "एका दिवाळीला म्हनली, आक्का, ब्लाऊज उजव्या अंगाला जरा सैल ठिव. ठिवला. मंग संक्रांतीला म्हनली, आनखी सैल कर. केला. टेप माझ्या हातात, बाई. तिच्या अंगाभोवती. मी इचारलं बी न्हाई, की कावून."

मी त्यांचा हात धरला. तो थंडगार होता.

"हितंच आनली तिला. तवा लई उशीर झालता. मला नंतर म्हनली, तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस." मग त्या माझ्याकडे वळल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मला 'तू' म्हणाल्या. "तू रडू नगंस. मी हाय."

तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं.

डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी एकदा दाखवायला या, बस."

हसावं की रडावं ते मला समजत नव्हतं. काकूंनी मात्र डोळे बारीक केले.

"म्हंजी आमची चुकली का ओ?"

"चुकली नाही, काकू. संशय आला की खूण करायची, हे तिचं काम. मग खरं-खोटं आम्ही तपासायचं. धर्मापुरीच्या एका बाईंना अशीच खूण केली होती. त्यांची खरी निघाली, पण लवकर सापडली. बऱ्या होतील."

काकूंनी दोन्ही गोष्टी नीट ऐकून घेतल्या. "तिकडं पास झाली, हिकडं नापास झाली," त्या म्हणाल्या. "नापास झाल्याचे पेढे मी गल्लीत वाटते. पास झाल्याचे तुमी वाटा."

मॅडम हसल्या. मीही हसले, आणि मग खूप वेळ रडले. मी उठले, पिशवी घेतली. पण काकू खुर्चीतून हलल्या नाहीत.

"एक इचारू का, म्याडम? माझ्या विमलचेबी फोटो हितंच काडले व्हते. ते धाडता येतील का?"

मॅडमनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला. मग म्हणाल्या, "जुन्या नोंदींत असतील तर काढते. जवळचं माणूस म्हणून तुमची परवानगी लागेल, आणि वरची मंजुरीही. पण काकू, त्यांचंही नाव निघून जाईल. इतक्या हजारो फोटोंत तुमचा कुठला आणि त्यांचा कुठला, हे नंतर कुणालाच सांगता यायचं नाही. मलासुद्धा."

काकूंनी मान खाली घातली. मला वाटलं, आता नको म्हणतील.

"नाव नसलं तरी चालंल," त्या म्हणाल्या. "फकस्त माझ्या जवळपास ठिवा. तिला एकटीला झोप लागत न्हाई."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि नुसतं 'हो' म्हटलं.

येताना आम्ही रिक्षा केली. बसस्टँडच्या वळणावर काकूंचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. त्या गाढ झोपल्या होत्या. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, जरा लांबनं घ्या. आणि सावकाश."